सोसायटीच्या जास्वंदीवर सापडलेला घोयरा: आपला की परदेशी?

जास्वंदी (कासारवडवली, घोडबंदर रोड, ठाणे)
मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आमच्या सोसायटीच्या कुंपणाला जास्वंदीची रांग आहे. आज दुपारी माळीकाकांना तिथे एक प्राणी दिसला. सरडा म्हणावा तर चाल अगदी संथ, एक पाय पुढे टाकून मागेपुढे डुलतो आणि मग दुसरा टाकतो. डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरतात. शेपटीची गुंडाळी केलेली. डोक्यावर उंच, चपटा तुरा आहे. अंग गडद हिरवं, जवळजवळ काळपट, आणि त्यावर पिवळे नि निळसर ठिपके. लांबी शेपटीसकट फूटभर असेल.
वॉचमन म्हणतोय विषारी आहे, मारून टाका. मुलांनी गराडा घातलाय. मी तूर्त सगळ्यांना लांब केलंय आणि तो अजून झाडावरच आहे. फोटो टाकलाय. येऊरच्या जंगलात नेऊन सोडू का? इथून जवळच आहे.

कोलशेतकर
हा घोयरा, म्हणजे रंग बदलणारा कॅमेलिअन. निरुपद्रवी. येऊरला सोडा, सुखाने जगेल. मुलांनाही चांगलं शिक्षण.

निशाचर
थांबा, थांबा. येऊरला अजिबात नेऊ नका.
फोटो नीट बघा. आपल्याकडचा घोयरा, म्हणजे कॅमेलिओ झेलॅनिकस, ही भारतात सापडणारी एकमेव जात. श्रीलंकेत आणि पाकिस्तानच्या काही भागातही आहे. त्याच्या डोक्यावरचा उंचवटा बसका असतो. या फोटोतला तुरा चांगलाच उभा आहे. हनुवटीखाली लांब दातेरी झालर आणि अंगावर उभे पट्टेही दिसताहेत. हा येमेनी घोयरा, इंग्रजीत ज्याला व्हेल्ड कॅमेलिअन म्हणतात तो. मूळ येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातला. घोडबंदरला तो स्वतःच्या पायांनी आलेला नाही. कुणाच्या तरी घरातून सुटलाय किंवा सोडलाय.
ताई, एक काम करा. मागच्या पायाच्या टाचेवर छोटा काट्यासारखा उंचवटा दिसतो का? असेल तर नर. नसेल तर मादी.

बाभूळवन (मूळ सांगली जिल्हा, सध्या ऐरोली)
आमच्या गावी बांधावरच्या बाभळीवर घोयरे हमखास दिसायचे. लोक फार घाबरतात. नजर लागते, चावला तर माणूस वाचत नाही, काय काय सांगतात. दिसला की दगड घालायचे. खरं म्हणजे याला विषाचे दात नाहीत, विषग्रंथी नाहीत. चिडला तर तोंड वासून फिस्कारतो, अंग चपटं करून मोठा झाल्याचा आव आणतो, फारच छेडलं तर चिमटा घेतो. बस्स. वॉचमनदादांना सांगा, पालीपेक्षा जास्त काही नाही.

जास्वंदी
काटा नाहीये. म्हणजे बाई! आणि निशाचर, पोट दोन्ही बाजूंनी गाठीगाठींसारखं फुगलंय. आता खाली उतरून कुंडीच्या कडेने चकरा मारतेय. हे नॉर्मल आहे का?

व्हेटकाकू (ठाणे पश्चिम)
नॉर्मल आहे, पण घाई करायला हवी. गडद अंगावर पिवळे-निळे ठिपके म्हणजे येमेनी मादीची "जवळ येऊ नका" अशी पाटी. पोटात अंडी असली की ती हाच रंग धरते. त्यात ती झाड सोडून जमिनीवर फिरतेय, म्हणजे अंडी घालायला जागा शोधतेय. नर भेटलेला नसला तरी या जातीच्या माद्या फलन न झालेली अंडी घालतात, त्यामुळे पिल्लं होतीलच असं नाही. पण मनासारखी जागा मिळाली नाही तर अंडी आतच अडकतात आणि मादी मरते. पाळलेल्या माद्यांच्या मृत्यूचं हे एक नेहमीचं कारण आहे.
तूर्त एवढं करा:
आधी १९२६ वर फोन लावा, ही वनविभागाची हेल्पलाइन आहे.
पकडून ओढू नका. फांदी गच्च धरलेली असते, ओढलं तर बोटं आणि नखं दुखावतात. समोर एक जाडसर काठी आडवी धरा आणि मागून शेपटीजवळ हलकेच स्पर्श करा. ती स्वतः काठीवर चढेल.
एक मोठी खोल बादली घ्या. त्यात वाळू आणि माती निम्मी-निम्मी, ओलसर, फूटभर उंच. मुठीत दाबली की गोळा व्हावा पण पाणी गळू नये, बोगदा ढासळता कामा नये. बादलीत एक फांदी तिरकी रोवा, वर जाळी बांधा आणि तीन बाजूंनी जुनी चादर टाका. मग तिकडे बघायला जाऊ नका. कुणी बघतंय असं वाटलं तर ती खणणं अर्धवट सोडते.

कोलशेतकर
काकू, येऊरला सोडायला हरकत काय ते कळलं नाही. तिथे झाडं आहेत, किडे आहेत, ऊन-पाऊस आहे. पिंजऱ्यापेक्षा बरंच की.

निशाचर
कोलशेतकर, कारण तिथे झाडं आणि किडे आहेत म्हणूनच.
१९७२ साली हवाईत एका पाळीव प्राण्यांच्या दुकानदाराने पूर्व आफ्रिकेतून तीन शिंगांचे जॅक्सन घोयरे मागवले होते. प्रवासाने मलूल झालेले, म्हणून अंगणात मोकळे ठेवले. ते पसरले, आणि आज तिथल्या बेटांवर त्यांची पक्की वस्ती आहे. तिथल्या स्थानिक किड्यांना आणि गोगलगायींना अशा शिकाऱ्याची सवयच नव्हती. हा येमेनी तर त्याहून चिवट. फ्लोरिडात वस्ती करून बसलाय, हवाईतल्या माउई बेटावरही पोहोचला. कोरडा डोंगर, दमट दरी, दोन्ही चालतात, एका वेळी डझनांनी अंडी घालतो, आणि पानंही खातो, ही घोयऱ्यांमध्ये फार थोड्या जातींत दिसणारी सवय. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथे परका प्राणी सोडणं बेकायदेशीर आहे. शिवाय पाळलेल्या प्राण्याच्या अंगावरचे परजीवी आणि रोग तिथल्या सरड्यांना मोफत मिळतील.
आणि ती तिथे सुखाने जगेल हेही गृहीत धरू नका. कावळा किंवा भारद्वाज पहिल्याच दिवशी गाठेल.

कोलशेतकर
पटलं. पुढे लिहा.

मोरपंखी (नेरूळ)
पण मला एक सांगा, जास्वंदीच्या हिरव्या पानांत बसलीय तर काळी का? पानांसारखी हिरवी व्हायला नको का? म्हणजे कुणाला दिसली नसती.

प्रकाशवाट (वाशी)
हा प्रश्न येणारच होता. :)
घोयरा पाठीमागचा रंग बघून स्वतःचा रंग जुळवत नाही. बुद्धिबळाच्या पटावर ठेवला तर चौकटी उमटत नाहीत. शांत बसलेला असताना त्याचा नेहमीचा रंग हिरवा-तपकिरी असतो आणि तो झाडीत मिसळतो, एवढंच. रंग पालटतो तो मुख्यतः दोन कारणांनी: एकमेकांना काही सांगायला, आणि ऊन घ्यायला. सकाळी गार पडलेला घोयरा उन्हाकडे कूस करतो आणि तेवढी बाजू काळसर करतो, म्हणजे उष्णता पटकन शोषली जाते. तापला की फिकट होतो.
कसा पालटतो ते जास्त मजेशीर आहे. पूर्वी समज असा होता की त्वचेतले रंगद्रव्याचे कण पसरतात-आखडतात आणि रंग बदलतो. काळेपणा तसाच येतो, मेलॅनिनच्या कणांनी. पण हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल हे तेवढ्याने होत नाही. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या गटाने मादागास्करच्या पँथर घोयऱ्याची त्वचा तपासली. रंगद्रव्याच्या खाली अशा पेशी सापडल्या ज्यांच्यात ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळीने रचलेले असतात. प्राणी शांत असताना स्फटिक जवळ-जवळ असतात आणि निळा प्रकाश परतवतात. वर पिवळ्या रंगद्रव्याचा थर असतोच, म्हणून आपल्याला हिरवा दिसतो. समोर दुसरा नर आला की स्फटिकांमधलं अंतर वाढतं, परतणारा प्रकाश पिवळ्या-लालकडे सरकतो आणि काही मिनिटांत सगळा घोयरा पेटल्यासारखा होतो. त्याखाली आणखी एक थर आहे. त्यातले स्फटिक मोठे आणि विस्कळीत असतात, ते अवरक्त (इन्फ्रारेड) किरण परतवतात. उन्हापासून बचाव करायला त्याचा उपयोग होत असावा, असं त्या गटाचं म्हणणं आहे.
मोरपंखी, तुमच्या आयडीतला मोरसुद्धा याच जातकुळीचा. पिसांतला निळा रंगद्रव्याचा नाही, रचनेचा आहे. फक्त त्याला अंतर हवं तेव्हा बदलता येत नाही.

मोरपंखी
वा! आयडी बदलायचा विचार होता, आता राहू दे.

जास्वंदी
अपडेट. १९२६ ला फोन लागला. माणूस उद्या सकाळी येईल, तोवर सुरक्षित ठेवा म्हणाले. माळीकाकांनी बादली भरून दिली आणि काठीचा उपाय एकदम लागू पडला. गच्चीच्या जिन्याखाली ठेवलीय, तिथे कुणी जात नाही. ती खणतेय!! चादरीच्या फटीतून एकदाच बघितलं, काकू रागावू नका.
पाणी कसं देऊ? वाटीत ठेवलं तर ढुंकून बघत नाही.

व्हेटकाकू
रागावले. :)
वाटीतलं साचलेलं पाणी बहुतेक घोयऱ्यांना पाणी म्हणून कळतच नाही. जंगलात ते पानांवरचे थेंब चाटतात, दव आणि पाऊस. जास्वंदीची पानं असलेली एक डहाळी आत ठेवा आणि वरून थेंब थेंब पडू द्या. सलाइनची नळी घरात असेल तर उत्तम, त्याची चकती फिरवून थेंबांचा वेग ठरवता येतो. नाहीतर बाटलीच्या झाकणाला सुईने भोक पाडा. फवारा मारायचा तर तोंडावर मारू नका. बादलीतल्या मातीचा चिखल होणार नाही एवढंच पाणी.
खायला आज काही देऊ नका, अंडी घालताना ती खाणार नाही. जास्वंदीचं पान किंवा फूल स्वतःहून खाल्लं तर खाऊ दे. स्वयंपाकघरातली झुरळं मात्र चुकूनही टाकू नका. पेस्ट कंट्रोल झालेल्या इमारतीतलं झुरळ म्हणजे विषाची गोळी.

हौशी पालक (कळवा)
मी येमेनी घोयरा पाळतो, कागदपत्रांसह, म्हणून थोडं लिहितो. "पाळू नका" असा सूर येणार हे माहीत आहे, आधीच सांगतो.
ज्याला मांडीवर घेऊन कुरवाळायला प्राणी हवा त्याने घोयरा आणू नये. हा बघायचा प्राणी आहे. हातात घेतला की तो ताणात जातो आणि वारंवार घेतला तर खाणं सोडतो. दोन एकत्र ठेवता येत नाहीत. मांजर किंवा आरसा समोर असेल तरी बिचारा दिवसभर युद्धाच्या पवित्र्यात राहतो.
पिंजरा जाळीचा आणि उभा हवा, निदान चार फूट उंच, कारण त्याला वर बसायचं असतं. एका कोपऱ्यात वरून दिवा, त्याखालच्या फांदीवर ३० अंशांच्या जवळपास तापमान, आणि खाली जाता जाता गार. आपल्याकडे दिव्याचा त्रास उलटाच आहे. ऑक्टोबरमध्ये माझी खोलीच ३४ वर असते, तेव्हा तापवायचा दिवा बंद असतो आणि पंखा लावून हवा खेळती ठेवावी लागते. वीज गेली की गोंधळ. पावसाळ्यात भिंतींना ओल, हवा कोंदट, आणि पिंजरा काचेचा असेल तर छातीचा संसर्ग ठरलेला. दमटपणा हवा पण हवा खेळती हवी, या दोन्ही गोष्टी आपल्या फ्लॅटमध्ये एकत्र जमवणं हेच खरं काम आहे.
यूव्हीबी ट्यूबशिवाय, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणाऱ्या दिव्याशिवाय काहीच नाही. खिडकीतून ऊन येतं की, असं लोक म्हणतात, पण साधी काच यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. त्याशिवाय त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम शोषलं जात नाही आणि हाडं मऊ पडतात. पाय धनुष्यासारखे वाकलेला, जबडा लवचिक झालेला घोयरा एकदा बघितला की पुरे. ट्यूब दिसायला चालू असली तरी तिचं यूव्हीबी सहा महिन्यांपासून वर्षाच्या आत उतरतं, बदलावीच लागते. बाल्कनीत जाळीच्या पिंजऱ्यात ऊन द्यायचं तर अर्धा भाग सावलीत हवा आणि कावळ्यांपासून राखण हवी.

बाभूळवन
आणि खाणं? दर आठवड्याला किडे कुठून आणता? मला तर मासे पाळतानाच जीव नकोसा झालेला.

हौशी पालक
रातकिडे मी घरीच वाढवतो. बायकोला त्यांचा आवाज आवडत नाही, हा वेगळा विषय. नुसते रातकिडे पुरत नाहीत, त्यांच्यात कॅल्शियमच्या मानाने फॉस्फरस फार असतं. म्हणून खायला देण्याआधी दिवसभर त्यांना गाजर, शेवग्याची पानं, भोपळा खाऊ घालायचा आणि देताना वरून कॅल्शियमची पूड भुरभुरायची. कधी रेशमाचे किडे, कधी जास्वंदीचं फूल. शेतातले नाकतोडे फुकट मिळतात पण फवारणीचा भरवसा नाही.
मोठ्या मादीला रोज पोटभर खाऊ घालणं ही प्रेमाची नव्हे, छळाची गोष्ट आहे. जास्त खाल्लं की जास्त अंडी, आणि प्रत्येक वेळी अंगातलं कॅल्शियम उपसलं जातं. जास्वंदीताईंकडची मादी कुणीतरी मनापासून खाऊ घातलेली दिसतेय.

कायदेपंडित (ठाणे पूर्व)
कागदपत्रांचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट करतो, कारण दुकानदार भलतंच सांगतात.
आपला देशी घोयरा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. पकडणं, पाळणं, विकणं, औषध किंवा जादूटोण्यासाठी मारणं, सगळा गुन्हा. त्याला "नोंदणी करून ठेवतो" हा पर्याय नाही.
परदेशी जातींचं वेगळं. घोयऱ्यांच्या बहुतेक सगळ्या जाती साइट्स कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने हा करार आपल्या कायद्यात आला, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत नियम निघाले: असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची, पिल्लं झाली, मेला, दुसऱ्याला दिला, प्रत्येक वेळी कळवायचं. म्हणजे कुणी "सर, एक्झॉटिक आहे, काही लागत नाही" म्हणालं की समजा, माल कच्चा आहे.
ताईंच्या सोसायटीत मालक पुढे का आला नाही याचंही उत्तर बहुधा यातच असेल.

जास्वंदी
आमच्याकडे कुणीच पुढे आलं नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला, अंगठे आले, मालक आला नाही.
आणि हो, अंडी घातली! रात्री उशिरा. पहाटे बघितलं तर माती परत सारखी करून ठेवलेली, आपण काही केलंच नाही अशा थाटात ती वर फांदीवर, आणि बारीक झालेली. रंगही हिरवट दिसतोय आता. माळीकाका म्हणाले उकरून मोजू या, मी नाही म्हटलं.

व्हेटकाकू
उत्तम! आता भरपूर थेंब द्या, ती तहानलेली असणार. डोळे आत गेलेले दिसतात का बघा. विष्ठेसोबतचा पांढरा भाग खरंच पांढरा आहे की पिवळा-नारिंगी? नारिंगी असेल तर पाणी कमी पडतंय. वनविभागाच्या माणसाला सांगा की तिला प्राणी-डॉक्टरांकडून कॅल्शियम मिळायला हवं. सगळी अंडी बाहेर पडली का ते एक्स-रे काढल्याशिवाय कळणार नाही.

मोरपंखी
अंड्यांचं काय करायचं? पिल्लं कधी येतील? मला तर फार उत्सुकता आहे.

हौशी पालक
फलित असतील तर सहा ते नऊ महिने, २६-२८ अंशांत, ओलसर पण ओली नाही अशा मातीत. अंडी उलटी-सुलटी करायची नाहीत.
पण मी स्पष्ट लिहितो, उबवू नयेत. येमेनी मादी एका वेळी सहज ३०-४० अंडी घालते. एवढी पिल्लं म्हणजे काय याचा विचार करा. जन्मल्यापासून एकलकोंडी, थोडी मोठी झाली की एकमेकांच्या शेपट्या आणि पाय चावतात, म्हणून प्रत्येकाला वेगळी जागा. खाणं फळमाश्या आणि टाचणीच्या डोक्याएवढे रातकिडे, रोज, प्रत्येकाला डझनांनी. कोण करणार? मग स्वस्तात विकली जातात, आणि पुढच्या वर्षी आणखी कुणाच्या तरी कुंपणावर सापडतात.

मोरपंखी
म्हणजे मारून टाकायची? हे फारच निर्दय झालं.

निशाचर
मोरपंखी, फलित आहेत का हे आधी ठरू दे. पण हौशी पालक बरोबर सांगतोय. प्राण्यांच्या अनाथालयांवर आधीच घुबडं, कासवं, पतंगाच्या मांज्याने जखमी झालेल्या घारी यांचा भार आहे. निर्णय वनविभागाचा आणि डॉक्टरांचा. मी तिथे असतो तर तीस जिवांना आयुष्यभर कोंडण्याआधीच थांबवलं असतं. मतभेद असू शकतो.

बाभूळवन
वाद बाजूला ठेवून एक विचारू? जीभ! लहानपणी बाभळीखाली तासन् तास बसायचो, ती बाहेर पडताना दिसेल म्हणून. एकदाही दिसली नाही. माशी होती, माशी नाही, एवढंच.

निशाचर
दिसणार नाहीच. जीभ तोंडातल्या एका लांब कूर्चेच्या दांड्यावर गुंडाळून बसवलेली असते. तिच्याभोवती स्नायूची नळी, आणि मध्ये कोलॅजन या चिवट प्रथिनाचे पापुद्रे. स्नायू आवळला की पापुद्रे ताणले जातात, आणि दांड्याच्या टोकावरून निसटताक्षणी सगळा ताण एकदम सुटतो. गलोलच म्हणा. लहान जातींची तर आणखी जोरदार: टांझानियातल्या एका इवल्या जातीत गुरुत्वाकर्षणाच्या २६४ पट त्वरण मोजलंय. पल्ला शेपटी सोडून अंगाच्या दुप्पट, कधी अडीचपट.
याचा एक फायदा लक्षात घ्या. सरपटणारा प्राणी थंडीत मंदावतो, कारण स्नायू मंदावतात. पण घोयऱ्याची जीभ साठवलेल्या ताणावर चालते. तापमान १० अंशांनी उतरलं तरी जीभ फेकण्यात १० ते १९ टक्क्यांचाच फरक पडतो. परत ओढायला मात्र साधे स्नायू लागतात, तिथे ४० ते ६० टक्के घट. म्हणजे थंड पहाटे, बाकीचे सरडे गारठलेले असताना, हा नाश्ता उरकू शकतो.
आणि चिकटतो कसा? टोकावरचा चिकट स्राव आपल्या लाळेपेक्षा सुमारे ४०० पट घट्ट असतो. जोराने ओढलं तर सुटत नाही, हळू सुटतो.

प्रकाशवाट
नेम धरण्याचंही सांगा. दोन डोळे स्वतंत्र फिरतात, पण मारायच्या क्षणी दोन्ही पुढे रोखतो. आणि अंतर मोजतो ते मुख्यतः दोन डोळ्यांतल्या फरकाने नाही, तर कॅमेऱ्यासारखं फोकस करून. त्याच्या डोळ्यातलं भिंग अंतर्वक्र आहे, पाठीच्या कण्याच्या प्राण्यांत हे फार दुर्मीळ. त्यामुळे पडद्यावरची प्रतिमा मोठी पडते आणि फोकसमधला बारीक फरकही कळतो. एका डोळ्यावर पट्टी बांधली तरी नेम बऱ्यापैकी लागतो.

सीवूड्सवासी
किती जगतात हो हे? म्हणजे पाळला तर किती वर्षांची बांधिलकी?

हौशी पालक
येमेनी नर नीट सांभाळला तर सहा-सात वर्षं. मादी साधारण कमी, अंड्यांमुळे.

निशाचर
सगळ्यांचं आयुष्य असं नसतं. मादागास्करच्या नैर्ऋत्येला लाबोर्डचा घोयरा आहे. आयुष्याचे आठ-नऊ महिने तो अंड्यातच असतो. पावसाळा सुरू झाला की सगळी पिल्लं एकदम बाहेर येतात, दोन महिन्यांत मोठी होतात, भांडतात, जोड्या जमवतात, अंडी घालतात आणि जवळजवळ सगळीच मरतात. वर्षातले काही महिने त्या जातीचा एकही जिवंत घोयरा जमिनीवर नसतो, सगळी जात मातीखाली अंड्यांत. शेकडो जातींपैकी निम्म्याच्या आसपास एकट्या मादागास्करात आहेत. तिथेच २०२१ मध्ये नखावर मावेल एवढा ब्रूकेसिया नाना नोंदवला गेला, नराचं अंग शेपटी सोडून साडेतेरा मिलिमीटर. आणि तिथेच अडीच फुटांच्या आसपास जाणारे राक्षसही आहेत.

जास्वंदी
वनविभागाची माणसं येऊन गेली. मादीला कापडी पिशवीत न घालता खोक्यात फांदी बांधून नेली, मी आधीच सांगितलं होतं. बादली तशीच्या तशी नेली, अंडी न हलवता. पोच पावती दिलीय. सोसायटीत आता पुढच्या मीटिंगमध्ये परदेशी प्राण्यांची नोंद असा मुद्दा घालणार आहोत. बघू किती जण अंगठा दाखवतात.

कायदेपंडित
पावती जपून ठेवा. उद्या मालक उगवला तर उपयोगी पडेल.

सीवूड्सवासी
आता देशी घोयरा बघायचा असेल तर कुठे? खारघरच्या डोंगरावर दिसेल का?

बाभूळवन
माझा अनुभव कोरड्या पट्ट्यातला. बाभूळ, बोर, घाणेरी, शेताचं कुंपण. दिवसा शोधू नका, डोळे फुटतील. रात्री टॉर्च घ्या. झोपलेला घोयरा फिकट, जवळजवळ पांढरट होतो आणि बारीक फांदीच्या टोकाशी बसतो, जेणेकरून कुणी चढलं तर फांदी हलेल आणि जाग येईल. टॉर्चमध्ये तो लगेच चमकतो. ऑक्टोबरच्या सुमारास मादी अंडी घालायला जमिनीवर येते, तेव्हा रस्त्यावरही दिसते आणि गाड्यांखाली जाते. उचलून ती जायची होती त्याच बाजूला, पलीकडच्या झुडपात ठेवायची. आणि राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत परवानगीशिवाय रात्री जाऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

कोलशेतकर
मंडळी, हा बघा, आज सकाळी उपवन तलावाच्या रेलिंगवर. मान आणि डोकं लालभडक. घोयराच ना? की हाही कुणाच्या घरचा?

व्हेटकाकू
कोलशेतकर, हा बागेतला साधा सरडा, नर. कानाचं भोक स्पष्ट दिसतंय, घोयऱ्याला बाहेरून भोक नसतं. बोटं सुटी आहेत, घोयऱ्याची पुढच्या पायाला बाहेर दोन आणि आत तीन अशी जुडलेली असतात, मागच्या पायाला उलट. शेपटी सरळ आणि अंगापेक्षा लांब आहे. लाल डोकं विणीच्या हंगामातलं. हा ठाण्याचा मूळ रहिवासी आहे, राहू द्या रेलिंगवर.